हात मागे बांधून

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार-चमत्कार लिहीत नाही. फोन करणार होते, पण फोनवर तुमच्यापुढे माझं एक वाक्य कधी पुरं होत नाही. शेवटी तुम्ही रडता आणि घरातले सगळे माझ्याकडे बघतात. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून हे पत्र. तुमच्या भावाबरोबर पाठवते आहे. पाकीट चिकटवलं आहे, त्यानं वाचलेलं नाही.

उद्यापासून मुंगी तुमच्या पाळणाघरात येणार नाही.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहून ठेवते, म्हणजे उद्या ‘मला कुणी काही सांगितलंच नाही’ असं व्हायला नको. आईंच्या वाढदिवसाच्या जेवणाला सगळे ताटावर बसलेले असताना तुम्ही म्हणालात, "पोर गोड आहे हो, पण वरचा मजला जरा रिकामाच वाटतो." आणि हसलात. आईंनी हातातला घास ताटात ठेवून विचारलं, "म्हणजे मंद आहे का गं?" तुम्ही नाही म्हणाला नाहीत. म्हणालात, "आयुष्य गेलं माझं पोरं सांभाळण्यात, मला कळतं. त्यात ही बाई पोटात बाळ घेऊन त्या कारखान्याच्या खडखडाटात उभी होती. आणखी काय होणार?"

मी तिथेच होते, ताई. वाढत होते. मुंगी माझ्या पायाशी बसून तुमच्याच चपलेचा पट्टा लावत होती. दीड वर्षाच्या किती पोरांना पट्टा लावता येतो, ते तुमच्या त्या फुलपाखरं रंगवलेल्या भिंतीला विचारा.

मंद पोरगी काय काय करते ते सांगते. ‘जायचं’ म्हटलं की तिची आणि माझी चप्पल घेऊन येते, जोड चुकत नाही. ‘पाणी’ म्हटलं की पिंपाकडे बोट. ‘बाबा’ म्हटलं की दाराकडे पळ. खिडकीची कडी मला ओढून निघत नाही, तिला निघते. डब्यात डबा घालते आणि झाकणं शेवटी लावते, तुमच्या भावाला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ते जमलेलं नाही.

बोलत नाही, हे खरं आहे. मधे ‘बा’ आणि ‘मा’ म्हणत होती, हल्ली तेही म्हणत नाही, हेही खरं आहे. पण तुमचा भाऊसुद्धा शाळेत जायच्या वयापर्यंत बोलला नव्हता, हे आईच सांगतात. तसा तो अजूनही बोलत नाही. त्याला कुणी मंद म्हटलं नाही.

आणि तुमच्याकडच्या त्या पोराला चावली म्हणून जो गवगवा केलात, तो पोरगा मागून येऊन तिची खुर्ची ओढत होता. मागून कुणी ओढलं तर मीसुद्धा चावेन.

राहिले माझे हातवारे. आमच्या बाटल्यांच्या लाइनवर दिवसभर काचेवर काच आपटत असते. कानात बोळे घालून उभं राहायचं. शेजारची बाई किंचाळली तरी कळत नाही. आम्ही हातांनी आणि ओठांनी बोलतो. मूठ तोंडाशी नेली की पाणी, मनगटावर दोन बोटं आपटली की सुट्टी झाली, खांद्यावर चापट मारली की साहेब आला, लपा. इतक्या वर्षांची सवय आहे. घरचा उंबरठा ओलांडला म्हणून हात गळून पडत नाहीत. त्याची तुम्ही सगळ्यांसमोर नक्कल केलीत. "आईच मुक्यासारखी वागते, पोर कशाला तोंड उघडेल?" सगळे हसले. मुंगी पण हसली. तिला वाटलं तुम्ही तिच्याशी खेळताय.

वरच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशी तिला सांभाळतील. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही. पण माझ्या मुलीकडे बघून त्या मान हलवत नाहीत.

मुंगीची आई


१२ फेब्रुवारी

ताई,

खोका मिळाला. परत पाठवते आहे. कपाटांचे खटके, टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचे रबराचे तुकडे, प्लगच्या भोकांची झाकणं, सगळं आहे तसं. जिन्याचं फाटक मात्र येणार नाही, कारण तुमच्या भावानं ते मला न विचारता बसवून टाकलं आणि आता ते कुणाच्या बापाला निघत नाही. त्याला फ्रिज दुरुस्त करता येतात ना, मग त्यानं फ्रिजच करावेत.

खोक्यातली चिठ्ठी वाचली. मावशींच्या खोलीत सुया असतात, बटणं असतात, एखादं घशात गेलं तर काय, असं लिहिलं आहे तुम्ही. मला सुचलंच नसेल असं वाटलं का तुम्हाला? पहिल्याच दिवशी मी त्या खोलीत रांगले. अक्षरशः रांगले, मुंगीच्या उंचीवर डोळे ठेवून. मावशी म्हणाल्या, "अगं, काय हरवलं?" मी म्हटलं, "अजून काही हरवलं नाही." पलंगाच्या पायाशी एक बटण होतं, ते उचललं. सुया वरच्या फळीवर गेल्या, कात्री खिळ्याला टांगली, शिलाई मशिनचा पट्टा काम नसेल तेव्हा काढून ठेवायचं ठरलं. तुमच्या चिठ्ठीची वाट बघत बसले नव्हते.

खाली लिहिलंय, "मी तिच्या मागे डब्याचं झाकण आपटून पाहिलं, तिनं वळूनही बघितलं नाही. तिचं भानच नसतं. स्वतःच्या जगात असते. अशा मुलांना लवकर दाखवावं लागतं."

म्हणजे माझ्या मुलीच्या पाठीमागे उभ्या राहून तुम्ही झाकणं आपटत होतात? सांभाळायला ठेवली होती की तमाशाला?

मीही केलं मग. ती जमिनीवर बसून चमच्यांशी खेळत होती. मी मागे गेले आणि मोठं ताट फरशीवर आपटलं. गर्रकन वळली. वळून हसली आणि ‘पुन्हा’ म्हणून हात पुढे केला. चार वेळा आपटलं, चारही वेळा वळली. खालचे लोक भांडायला वर आले, त्यांना विचारा हवं तर.

माझं ती सगळं ऐकते. तुमचं ऐकत नाही, कारण तुम्ही तिला आवडत नाही. इतकं साधं आहे.

मुंगीची आई


२४ फेब्रुवारी

हे वाचून झालं की फाडून टाका, नाहीतर आईंना वाचून दाखवा. मला आता फरक पडत नाही.

मी पाळी संपवून घरी आले. वर गेले. मावशी एकट्याच मशिनवर. "मुंगी कुठाय?" तर म्हणतात, "आत्या घेऊन गेली ना. म्हणाली तुला सांगितलंय."

कुणाला सांगितलं होतं तुम्ही? तुमचा फोन बंद. पाळणाघराला कुलूप. तुमच्या भावाचा फोन लागला तर तो म्हणतो, "असेल गं तिच्याकडेच, काय खाणार आहे का ती?" मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. येणाऱ्या प्रत्येक रिक्षात वाकून बघत होते. लोकांना वाटलं असेल बाई खुळी आहे.

आणि तुम्ही आलात, कडेवर रडून रडून लाल झालेली माझी पोर. तिच्या दंडावर तुमच्या बोटांचे वळ होते. तुम्ही काय म्हणालात? "मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, डोक्याची तपासणी करायला. पण आई-बाप असल्याशिवाय करत नाहीत म्हणे. काय मेले नियम."

डॉक्टरांना जे कळतं ते तुम्हाला कळत नाही. मी तिची आई आहे, ताई. तुम्हाला ती मंद वाटो नाहीतर पंडित, तुम्ही तिला मला न विचारता उचलून नेऊ शकत नाही.

तुम्ही म्हणालात, "मी तिच्या भल्यासाठीच केलं." भलं करताना माझा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. रिक्षातून उतरलात तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हतात.

माझ्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तुमच्या भावाला भेटायचं असेल तर त्याच्या दुकानात भेटा.


६ मार्च

ताई,

हे तुम्हाला लिहायचं नव्हतं. तुमच्या भावालाही अर्धंच सांगितलं आहे. पण कुणाला तरी पूर्ण सांगितल्याशिवाय मला हातात बाटली धरवत नाही. काल दोन फोडल्या. आणि दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते मला जवळ घेतील. मला आत्ता कुणी जवळ घेतलेलं नको आहे.

आमच्या मागच्या आवारात बांधकामाची रेती पडली आहे. मावशी मुंगीला घेऊन खाली आल्या होत्या, दोरीवरचे कपडे काढायला. मुंगी रेतीत बसली होती, पाठ फाटकाकडे. मी कामावरून येत होते, हातात कांद्यांची पिशवी. आणि पाण्याचा टँकर मागे येत होता.

मी ओरडले. अशी ओरडले की अजून घसा बसलेला आहे. मावशी वळल्या आणि त्याही किंचाळल्या. टँकरवाल्याला आम्ही मागे आरशात दिसत होतो, खाली बसलेलं पोर दिसत नव्हतं. त्याला वाटलं बायका टँकरच्या वाटेत येताहेत, म्हणून त्यानं हॉर्न दाबून धरला. भिंतीवरची मांजर उडी मारून पळाली. वरच्या गॅलरीत लोक बाहेर आले.

मुंगी रेती मुठीत घेत होती आणि सोडत होती.

मी पिशवी फेकली. तिला लागली असती तरी चाललं असतं. कांदे तिच्या बाजूनं घरंगळत पुढे गेले, एक तिच्या पायाशी थांबला. तिनं तो बघितला आणि कुठून आला म्हणून मान वळवली. मी भिंतीकडे सरकून दोन्ही हात पसरून ‘ये’ केलं. ती हसली, उठली, आणि तिच्या त्या डुगडुगत्या चालीनं पळत माझ्याकडे आली. टँकर तिच्या जागेवरून पार पलीकडे जाऊन मग थांबला.

टँकरवाला खाली उतरला. तोही घाबरला होता, म्हणून चिडलेला. "बाई, बहिरी आहे का पोर? एवढा हॉर्न दिला!"

मी त्याला मारायला धावले. मावशींनी धरलं.

मग घरी आले. मुंगीला गादीवर बसवलं, फरशीवर नाही. मागे उभी राहिले. हाक मारली. टाळी वाजवली. तुमचं झाकण घेतलं आणि हवेत दुसऱ्या झाकणावर आपटलं. ती उशीचा कोपरा चोखत होती. ताट फरशीवर आपटलं तेव्हा ती वळायची ती आवाजानं नाही, ताई. तिच्या बुडाखालची जमीन हलायची.

मग मी तिच्या समोर बसले. हात मागे बांधले आणि म्हटलं, "मुंगी, चप्पल आण." तोंड मोठं न करता, ओठ नेहमीसारखेच हलवत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग थोडं वाकून माझ्या पाठीमागे बघितलं. माझे हात कुठे गेले म्हणून. तिला वाटलं मी काहीतरी लपवलं आहे.

इतके दिवस ती माझं ऐकत नव्हती. बघत होती.

तुम्ही बरोबर होतात असं मी लिहिणार नाही, कारण तुम्ही बरोबर नव्हतात. तुम्ही म्हणालात डोक्यात कमी आहे. झाकण तुम्ही वाजवलंत, उत्तर तुमच्या हातात होतं, आणि तुम्हाला तो मंदपणा दिसला. मला तुमचा दुष्टपणा दिसला. तिचे कान दोघींनाही दिसले नाहीत. ते एका परक्या माणसानं शिवी दिल्यासारखे तोंडावर फेकले.

उत्तर पाठवू नका.


१५ मार्च

ताई,

उत्तर पाठवू नका म्हटलं होतं. पाठवलंत. आणि तेही काय, "मला आधीच शंका होती." नव्हती. खोटं बोलू नका.

तपासणी झाली. तुमचा भाऊ सांगेलच, पण तो सांगताना रडेल आणि मग तुम्ही रडाल, म्हणून मीच लिहिते.

भिंतींना जाड गाद्या लावलेली छोटी खोली होती. मुंगी माझ्या मांडीवर. कान तपासणाऱ्या बाई काचेपलीकडे. मला म्हणाल्या, "आवाज आला तरी तुम्ही हलायचं नाही, तिला तुमच्या अंगावरून कळतं." मी दगडासारखी बसले. आवाज येत होते. पक्ष्यासारखे, मग शिट्टीसारखे, मग भांड्यासारखे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता वळेल. ती माझ्या कुर्त्याचं बटण फिरवत होती. मग एक आवाज आला तो आमच्या लाइनइतका मोठा. मी डोळे मिटले. आणि ती वळली. वळल्याचं बक्षीस म्हणून कोपऱ्यातल्या खेळण्यातल्या माकडात दिवा लागला, तसं तिनं टाळ्या पिटल्या. मला कळेना हसावं की काय करावं.

दोन्ही कान. बरंच कमी आहे. कानामागे लावायची यंत्रं मिळतील, त्यांनी किती भागतं ते बघून पुढचं ठरेल.

मी म्हटलं, "जन्मल्यावर तपासलं होतं, तेव्हा ठीक होतं." त्या म्हणाल्या, "तेव्हा असेलही. काही मुलांचं नंतर कमी होत जातं." म्हणजे ते ‘बा’ आणि ‘मा’ तिनं खरंच ऐकले होते. मग ते विझत गेले असतील.

तुमचा प्रश्नही विचारला. हो, तुमचाच. "पोटात असताना मी कारखान्यात होते, त्यानं झालं का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तसं मला म्हणता येणार नाही. पुष्कळांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. तुम्हाला कुणी सांगितलं हे?" मी म्हटलं, "नातेवाईक आहेत." त्या म्हणाल्या, "नातेवाईकांना कारण लगेच सापडतं." तुम्ही तिथे हव्या होतात.

मग त्यांनी विचारलं, एवढं कमी ऐकू येतंय तर ही सगळं समजते कशी? मी लाइनवरच्या हातांचं सांगितलं. लाजतच सांगितलं, कारण आईंच्या वाढदिवसाच्या जेवणातलं हसणं अजून कानात होतं. विचारलं, "बंद करू का ते?" त्या खुर्चीतून उठल्याच. "बंद? अहो, आज तिच्याकडे तेवढेच शब्द आहेत. ते काढून घेऊ नका. हात चालू ठेवा, बरोबर आवाजही ठेवा. तिच्या समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर येऊ द्या. जे करताय ते बोलत करा."

जिन्यात तुमचा भाऊ पायरीवर बसला. मला वाटलं चक्कर आली. तो म्हणाला, "मी रोज दारातून हाक मारायचो. ती येत नव्हती तर मला वाटायचं माझ्यावर रुसलीय." एवढं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मुंगी त्याच्या डोक्यावर थापटत होती.


२ एप्रिल

ताई,

यंत्रं आली. सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. लावली, चालू केली, आणि तिनं असं भोकाड पसरलं की बाहेरची माणसं आत डोकावली. घरी येईपर्यंत एक तिनं उपटून तोंडात घातलं होतं. दुसरं पिंपात सापडलं. आता दोरीनं कपड्याला अडकवते. सकाळी लावते, ती उपटते, मी पुन्हा लावते. काल नळ सोडला तर दचकली. पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, जणू मीच तिला इतके दिवस फसवलं होतं.

आता कामाचं. मावशींनी हात जोडले. यंत्रातला तो छोटा चपटा सेल पोटात गेला तर जिवावर बेततं, हे मी त्यांना समजावून सांगितलं, आणि त्या घाबरल्या. "माझी नजर अधू, बाई, हे माझ्यानं निभणार नाही." त्यांचं चुकलं नाही. यंत्रांसाठी घेतलेली माझी रजा संपत आली आहे. माझी जागा धरून ठेवायला लाइन काही माझ्या माहेरची नाही.

म्हणून मी परवा तुमच्या पाळणाघरापाशी आले होते. तुम्हाला दिसले नाही. गजांच्या खिडकीतून बघत होते. मी तुमची खोड काढायलाच आले होते, खरं सांगते. जिन्याचं दार लावलेलं होतं. फरशीवर बारीक काही नव्हतं. पोरांना फळाचे तुकडे लांबट चिरून दिले होते आणि ती खात असताना तुम्ही जागेवरून हलला नाहीत. मला काही सापडेना, त्याचा मला राग आला.

मग खाणं झाल्यावर तुम्ही सगळ्यांना गोल बसवलंत आणि हात करायला लागलात. तुमच्या भावाकडून शिकलात म्हणे. पाणी बरोबर केलंत. पण ‘ये’ म्हणताना तुम्ही खांद्यावर चापट मारत होतात, ताई. ते ‘साहेब आला, लपा’ आहे. आठ-दहा पोरं आणि तुम्ही मोठ्या गंभीरपणे एकमेकांना सांगत होतात की साहेब आला.

मी रस्त्यावर उभी राहून हसले. तुमच्यावर हसले. गैरसमज नको.

सोमवारी मी तिला आणते आहे. तुमच्यासाठी आणत नाही, तिच्यासाठी आणते आहे, आणि माझ्यापुढे दुसरं दार नाही म्हणून आणते आहे. तुम्ही मागच्या चिठ्ठीत लिहिलं आहे, "माझी जीभ जरा सैल आहे." सैल नाही, ताई, धार लावलेली आहे. ती माझ्यावर चालवा, मी चालवून घेईन. मुंगीबद्दल तिच्यासमोर कुणाशी काही बोलायचं नाही. ऐकू येत नाही म्हणून कळत नाही असं समजू नका. ती चेहरे वाचते. तुमचं तोंड वाकडं झालेलं तिला लांबून दिसतं.

मागून हात लावायचा नाही. आधी समोर या, मग हात लावा. पोरांनाही हे शिकवा, म्हणजे कुणी चावणार नाही. सेलचं दार कुलपाचं आहे, ते उघडायचं नाही. कधी उघडं दिसलं आणि सेल दिसला नाही, तर शोधत बसायचं नाही. आधी दवाखाना, मग मला फोन. आणि माझ्याशिवाय किंवा तुमच्या भावाशिवाय ती कुणाबरोबरही कुठेही जाणार नाही. तुमच्याबरोबरही नाही.

‘ये’ कसं करायचं ते सोमवारी दारात दाखवते.

मुंगीची आई


२७ एप्रिल

ताई,

तुमची रोजची चिठ्ठी मिळते. आज काय खाल्लं, यंत्र कितीदा उपटलं, कुणाचे केस ओढले. मी उत्तर लिहीत नाही, कारण मला तक्रार सापडत नाही आणि दुसरं काही तुम्हाला लिहायची मला सवय नाही.

सकाळी तुम्ही दारात मला ‘चहा घेऊन जा’ म्हणता आणि मी ‘उशीर होतोय’ म्हणते. तसंच चालू राहू दे. तुम्ही त्या दिवशी तिला उचलून नेलंत ते मी विसरलेले नाही, आणि विसरले असं दाखवणं मला जमत नाही. रिक्षा थांबली की अजून मी वाकून आत बघते.

पण आज एक झालं. ते तुम्हाला सांगावं लागतंय.

आज रविवार. मी कपडे धूत होते. मुंगी दाराशी गेली. दार बंद होतं. तिनं माझ्याकडे वळून एक हात केला. मनगटाची मागची बाजू नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधे लावली आणि वर सरकवली. मला काही कळलं नाही. मी ‘पाणी?’ केलं. तिनं मान हलवली. ‘बाबा?’ केलं. तो तिथेच बसला होता. तिनं पुन्हा तेच केलं, मनगट नाकाशी. मग रागावून, पाय आपटून, पुन्हा.

हा शब्द मी शिकवलेला नाही. लाइनवर तो नाही. मी तुमच्या भावाला विचारलं, "हे काय करतेय ती?" तो बघत राहिला, आणि मग त्याला हसू फुटलं. म्हणाला, "अगं, ताई. ताईचे हात कायम ओले नाहीतर खरकटे. चष्मा घसरला की ती मनगटानं वर ढकलते."

तिनं तुमचं नाव ठेवलं आहे.

तिचे आजवरचे सगळे शब्द माझे होते. हातात हात धरून दिलेले. तिनं स्वतः केलेला पहिला शब्द तुम्ही आहात. तुम्ही. मी तिथेच बादलीपाशी बसले आणि मला इतका राग आला की कुणाचा ते कळेना. मी तिला जवळ घेतलं तर तिनं माझा हात बाजूला केला, माझ्या तोंडासमोर मनगट आणून नाकाला लावलं आणि दाराकडे बोट दाखवलं. बाळबोध भाषेत सांगायचं तर: तिला बोलाव.

मी तिला समजावलं, आज सुट्टी, उद्या. तिला ‘उद्या’ अजून कळत नाही. ती दाराकडे तोंड करून बसली आहे आणि थोड्या थोड्या वेळानं मनगट नाकाला लावते, मग दाराकडे कान नाही, डोळे लावून बघते. तुम्ही येत नाही. ती पुन्हा लावते.

हे पत्र घेऊन तुमचा भाऊ खाली उतरतो आहे. फोन मी करत नाही, फोनवर माझा आवाज कसा निघेल ते मला माहीत नाही.

माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही असं मी तुम्हाला लिहिलं होतं. ते माझं होतं, तिचं नाही. माझी मुलगी हाक मारतेय आणि पलीकडून कुणी ओ देत नाही, हे मला माझ्या घरात चालायचं नाही. त्याच्याच बरोबर या. जिन्याच्या फाटकाचा खटका वरून दाबायचा आहे. दार वाजवू नका, ते आतून मला ऐकू येईल, तिला नाही. नुसतं उघडा आणि तिच्या समोर या.